तेरा मजली पत्त्यांचा बंगला

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत राजकारण कुणाला शिकवावे लागत नाही. इतर मुलखांत पोराला आधी बेरीज येते आणि मग बहुमत कळते. आमच्याकडे बहुमत आधी कळते. कारण विकास सोसायटीच्या निवडणुकीत आजोबा एका मताने पडलेले असतात, आणि ते एक मत कुणाचे फुटले यावर घरात तीन पिढ्या संशोधन चालू असते. अशा मुलखात परदेशी राजकारणावरची मालिका घेऊन येणे म्हणजे साताऱ्याच्या मोती चौकात परगावचे कंदी पेढे विकायला बसण्यासारखे आहे. लोक घेणार नाहीत असे नव्हे. घेतील, तोंडात टाकतील, आणि मग खवा कुठे कमी पडला ते सांगतील. प्रस्तुत लेख हा त्या सांगण्यातलाच प्रकार आहे.

मालिकेचे नाव 'हाऊस ऑफ कार्ड्स', म्हणजे आपला पत्त्यांचा बंगला. मूळ माल विलायती, बी.बी.सी.ने १९९० साली काढलेला. त्याची अमेरिकन आवृत्ती नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी काढली, आणि पहिल्या हंगामाचे तेराच्या तेरा भाग एकाच दिवशी लोकांच्या पुढ्यात ओतले. आता इतक्या वर्षांनी या शिळ्या कढीला ऊत कशाला, असे कुणी विचारील. त्याला उत्तर असे, की आमच्याकडे 'झुंझारराव' अजून शिळा झालेला नाही.

परक्याची गोष्ट आपली करून घेण्यात कमीपणा नाही, हे सांगलीकराला कुणी सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, तिथून मराठी नाटकाचा जमाखर्च सुरू होतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. त्यांचा 'संशयकल्लोळ' मुळात मोलिएरचा, म्हणजे फ्रेंच. तो मर्फी नावाच्या नाटककाराने इंग्रजीत आणला, आणि तिथून देवलांनी उचलला. पण आज फाल्गुनराव कुणाला फ्रेंच वाटतो का? तो तर आपल्याच वाड्यात खालच्या मजल्यावर राहत असावा असे वाटते. हिंदीतही २००१ साली 'येस मिनिस्टर' या विलायती मालिकेची 'जी मंत्रीजी' झाली होती. फारुख शेख मंत्री झाले होते आणि सचिव झाले होते जयंत कृपलानी. मंत्र्याचा पोशाख बदलला, फाईल मात्र तीच राहिली. आणि फाईल कुठल्याही देशात गेली तरी तशीच पडून राहते हे सिद्ध झाले.

फार कशाला, सांगली जिल्हा हाच मुळी साताऱ्याचा रीमेक आहे! १९४९ साली साताऱ्याचे दोन भाग झाले तेव्हा आमच्या वाट्याला नाव आले ते 'दक्षिण सातारा'. 'सांगली' हे स्वतःचे नाव मिळायला १९६० साल उजाडावे लागले. तेव्हापासून मूळ चांगले की नवी आवृत्ती चांगली, हा वाद आमच्या दोन्ही जिल्ह्यांत आहे. आणि आमच्या कुटुंबात तर तो रोजचाच आहे, कारण माझी थोरली बहीण साताऱ्यात दिलेली आहे.

तर रूपांतर करणाऱ्याची परीक्षा एकच. त्याने काय काढले आणि काय ठेवले? देवलांनी फ्रेंच माणूस काढला आणि संशय ठेवला. अमेरिकनांनी काय काढले आणि काय ठेवले, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. मायकेल डॉब्स या गृहस्थाने मार्गारेट थॅचरबाईंच्या पक्षात राहून राजकारण अगदी जवळून पाहिले, आणि १९८९ साली त्यावर एक कादंबरी लिहिली. तिचा नायक, म्हणजे खलनायकच, फ्रान्सिस अर्कहार्ट हा सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद आहे. प्रतोद म्हणजे मूळ अर्थाने चाबूक. पक्षाचे सगळे बैल एका रेषेत चालवायचे, कोण कुठे चरतो आणि कुणाला कुठे गळू आहे हे ध्यानात ठेवायचे, हे त्याचे काम. नवा पंतप्रधान त्याला मंत्रिमंडळात घेत नाही. मग हा माणूस एकेकाची गळवे फोडीत, सगळ्यांना बाजूला सारीत, शेवटी स्वतःच पंतप्रधान होतो. अमेरिकन आवृत्तीत तोच माणूस फ्रँक अंडरवूड होतो. तोही प्रतोदच. परराष्ट्रमंत्रिपदाचा शब्द दिलेला असतो, तो मोडला जातो. आणि हा राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत जातो. म्हणजे दोन्हीकडे मूळ तक्रार तीच, 'शब्द देऊन डावलले' ही. आमच्याकडे या तक्रारीवर जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत सगळा कारभार चालतो, त्यामुळे कथानक समजायला आम्हांला अडचण आली नाही.

आकड्यांत मात्र फरक आहे. विलायती मालिका चार भागांची. पुढे १९९३ आणि १९९५ साली तिचे आणखी दोन अध्याय निघाले, तेही चार-चार भागांचे. म्हणजे माणूस चढला, बसला आणि पडला, हे सगळे बारा भागांत आटोपले. अमेरिकनांचा पहिला हंगामच तेरा भागांचा. असे पाच हंगाम तेरा-तेराचे आणि सहावा आठ भागांचा, एकूण त्र्याहत्तर. विलायतेतला माणूस सत्तेवरून खाली उतरून घरी जाऊन चहा पितो, तेवढ्यात अमेरिकन माणसाने नुसते धोतर सावरलेले असते. हा अर्थात दोन्ही देशांच्या ताटांचा फरक आहे. एकीकडे काकडीचे सँडविच आणि दुसरीकडे अंडरवूडसाहेब सकाळच्या प्रहरी बरगड्यांचे मांस खातात. बायाबापड्यांनी तो प्रसंग उपासाच्या दिवशी पाहू नये.

ही मालिका आम्ही गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात आक्काकडे पाहिली. भाच्याने पुण्याहून येऊन ती टी.व्ही.ला जोडून दिली आणि 'एकदम बघून टाका, मजा येते' असा निरोप ठेवून तो परत गेला. 'एकदम बघून टाकणे' या प्रकाराला इंग्रजीत खादाडपणाचा शब्द आहे. मला तो अन्यायाचा वाटतो, कारण आपल्याकडे याला जुना आणि पवित्र शब्द आहे: पारायण. खोलीत मंद उजेड, बाहेर पाऊस, एकाने उठायचे नाही, मध्ये बोलायचे नाही, भाग संपला की पुढचा अध्याय लावायचा. फक्त हरिनाम सप्ताहात शेवटच्या दिवशी काला होतो. इथे शेवटी डोळे लाल होतात.

मंडळींत आम्ही तिघे. मी, दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आणि त्यामुळे कुठल्याही पुढाऱ्याविषयी आदर किंवा राग या दोन्ही विकारांतून मुक्त, आणि आक्का. आक्का शेंगा निवडीत बसायची. तिचे इंग्रजी चौथ्या यत्तेपर्यंतचे. पण मालिकेत कोण खोटे बोलतो आहे हे तिला खालच्या अक्षरांच्या आधी कळत होते.

पहिल्याच प्रसंगात अंडरवूड रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याला स्वतःच्या हातांनी संपवतो, आणि संपवता संपवता आपल्याकडे बघून बोलतो. हे आपल्याकडे बघून बोलणे हा या मालिकेचा प्राण आहे. विलायतेतल्या अर्कहार्टनेही पहिल्या प्रसंगात तेच केले होते. हातात थॅचरबाईंची तसबीर घेऊन, सगळे काही कधी ना कधी संपतेच अशा अर्थाचे बोलून त्याने आपल्याशी ओळख करून घेतली होती. ही युक्ती जुनी आहे. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड हेच करतो, आणि गंमत म्हणजे अंडरवूडचे काम करणारा केव्हिन स्पेसी या मालिकेच्या थोडाच आधी रंगभूमीवर तिसरा रिचर्डच करीत होता. आपल्या संगीत नाटकांत याला 'स्वगत' म्हणत, आणि छापील पुस्तकात ते कंसात लिहिलेले असे. खलपुरुष पुढे येई, मिशीवर हात फिरवी आणि कट सांगे. समोरचा पात्र तीन हातांवर उभा असून त्याला ऐकू जात नसे, आणि पिटातल्या शेवटच्या रांगेला स्पष्ट ऐकू जाई.

पण एक फरक आहे. आपल्या पिटातला प्रेक्षक त्या खलपुरुषाला उत्तर देई. शिट्टी मारी, शिवी देई, एखादी म्हातारी नायिकेला 'त्याच्यावर इस्वास ठेवू नगंस गं बाई' म्हणून ओरडून सांगे. खलपुरुषाला तीन तास शिव्या खाव्या लागत आणि मगच रात्रीची भाकरी मिळे. अंडरवूड बोलतो ते मात्र आपल्या कानात. तो आपल्याला शहाणे म्हणतो, इतरांना मूर्ख ठरवतो आणि आपल्याला भागीदार करून घेतो. दुसऱ्या रात्री दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "कसा फिरवला बघा त्याला! पाव्हणं, ह्याला म्हणायचं राजकारण." मीही 'वा' म्हणालो. ज्याला फिरवला होता तो माणूस तेवढ्यात पडद्यावर रडत होता.

दाजींची मालिकेबद्दलची तक्रार वेगळीच होती आणि ती मोठी मार्मिक होती. त्यांचे म्हणणे असे, की हा माणूस निवडून येतोच कसा? सगळा वेळ राजधानीत, बंद दाराआड. ना कुणाच्या लग्नाला, ना बारशाला, ना दहाव्याला. ऊस तुटतोय का, पाण्याचे आवर्तन सुटले का, कुणाच्या पोराला नोकरी लागली का, याची चौकशी नाही. आमच्याकडचा पुढारी एका दिवसात सात लग्नांना अक्षता टाकतो आणि आठवे चुकले तर पुढच्या निवडणुकीत त्या वाडीची पेटी उलटते. कट-कारस्थान करायला त्याला वेळ मिळतो तो रात्री अकरानंतर गाडीत, दोन गावांच्या मध्ये.

ही उणीव मालिकावाल्यांनाही जाणवली असावी, कारण तिसऱ्या भागात अंडरवूडला त्यांनी गावाकडे धाडले आहे. दक्षिण कॅरोलायना राज्यातले गॅफनी हे त्याचे गाव. तिथे पीच या फळाच्या आकाराची एक अवाढव्य पाण्याची टाकी आहे. खरोखरच आहे, मालिकेसाठी बांधलेली नाही. त्या टाकीबद्दल फोनवर चावट मजकूर पाठवण्याच्या नादात एक मुलगी गाडी ठोकून मरते, आणि टाकी राखण्यासाठी भांडला म्हणून लोक अंडरवूडला धरतात. मग तो येतो, चर्चमध्ये उभा राहून आपल्या बापाच्या मरणाची आठवण सांगून सगळ्यांना रडवतो, मुलीच्या आईबापांच्या घरी जातो, तिच्या नावाने शिष्यवृत्ती काढण्याचे बोलतो. पाण्याची टाकी, मयताच्या घरी सांत्वन, शिष्यवृत्तीला नाव, आणि गावातलाच एक विरोधक आतून काड्या घालणारा! आम्ही तिघेही सरसावून बसलो. दाजी म्हणाले, "हां! हा आला आपल्यात." त्र्याहत्तर भागांत माझ्या मते हा भाग सर्वांत खरा आहे, कारण इथे त्या माणसाला लोकांसमोर उभे राहून काहीतरी द्यावे लागते. अर्थात चर्चमधले बोलता बोलता तो आपल्याकडे वळून सांगतोच, की बापाच्या मरणाचे आपल्याला काहीच वाटले नव्हते. तो पुन्हा राजधानीत परतला, आणि मालिकाही कायमची बंद दाराआड गेली.

तिसऱ्या रात्री आम्ही दुसऱ्या हंगामात शिरलो. पहिल्या हंगामातच अंडरवूडने आपल्या एका खासदाराला गाडीत कोंडून मारून आत्महत्येचा देखावा केला होता. आता दुसऱ्याच्या पहिल्याच भागात त्याने, जिच्याकरवी बातम्या पेरल्या त्या तरुण बातमीदार मुलीला, भुयारी आगगाडीपुढे ढकलून दिले. विलायती मालिकेत याच जागी अर्कहार्टने त्याच्या बातमीदार मुलीला गच्चीवरून खाली टाकले होते. गंमत अशी की डॉब्सच्या मूळ कादंबरीत गच्चीवरून जातो तो अर्कहार्टच! मालिकावाल्यांनी शेवट उलटा केला, मेलेला माणूस जिवंत ठेवला, आणि मग बिचाऱ्या लेखकाला त्याच्यासाठी आणखी दोन कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. साखर कारखान्याच्या पडलेल्या संचालकाला स्वीकृत म्हणून परत घेण्याचाच हा प्रकार.

तर ती पोर आगगाडीखाली गेली आणि भाग संपला. पडद्यावर 'पुढचा भाग' असे येऊन सेकंद मोजायला लागले. आक्काने शेंगांचे सूप खाली ठेवले आणि विचारले, "बाळू, त्या पोरीच्या आईबापाला कुणी कळवलं का रे?"

उत्तर द्यायच्या आत पुढचा भाग सुरू झाला होता.

मी तुम्हांला सांगतो, या मालिकेवर जगभर जेवढी परीक्षणे झाली असतील त्या सगळ्यांपेक्षा आक्काचे हे एक वाक्य मला वजनदार वाटते. कारण नेमका हाच प्रश्न विचारू नये, अशी त्या मालिकेची सगळी मांडणी आहे. आणि हाच प्रश्न मराठीने पूर्वी विचारलेला आहे. १९७५ सालच्या 'सामना' चित्रपटात, तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा धनी आहे. सगळा मुलूख त्याच्या खिशात आहे. त्याच्यापुढे श्रीराम लागूंचे दारुडे मास्तर उभे राहतात आणि मारुती कांबळेचे पुढे काय झाले, एवढेच विचारत राहतात. दुसरे काही नाही. तेवढ्या एका प्रश्नाने हिंदुरावाचा वाडा हलतो. पुढे १९७९ साली अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून त्याच जब्बार पटेलांनी 'सिंहासन' काढला. तिथेही मुख्यमंत्री, अर्थमंत्री, डाव-प्रतिडाव सगळे आहे, पण आपल्याला कानात सांगणारा कुणी नाही. आपण पाहतो ते दिगू टिपणीस या बातमीदाराच्या नजरेने, आणि सगळे पाहून झाल्यावर त्याचे डोके फिरते. आमच्या चित्रपटात राजकारण पाहून बातमीदाराला वेड लागले. त्यांच्या मालिकेत ते पाहून प्रेक्षकाला चटक लागली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकनांनी काय काढले? माणसाची जात ठेवली, स्वगत ठेवले, खून ठेवले, बायको तर जास्तच पाताळयंत्री केली. रॉबिन राइटबाईंनी तिचे काम इतके थंडपणे केले आहे, की पाहताना शाल घ्यावीशी वाटते. काढला तो मधला आठवडा. विलायतेत ती मालिका दर रविवारी एक भाग अशी लागली. पहिला भाग १८ नोव्हेंबर १९९० ला. त्या आठवड्यात खुद्द थॅचरबाईंच्या पक्षात बंड झाले, २० तारखेला मतदान झाले आणि २२ तारखेला बाईंनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. दुसरा भाग २५ तारखेला लागला आणि तिसरा लागेपर्यंत जॉन मेजर पंतप्रधान झालेले होते. म्हणजे तिथल्या माणसाने रविवारी अर्कहार्टचे स्वगत ऐकायचे, आणि सोमवार ते शनिवार खऱ्या राजकारणाशी ते ताडून पाहायचे. त्याला सहा दिवस मिळत होते. सहा दिवसांत खलनायकाची भूल उतरते. पहिल्या दिवशी 'काय डोकं आहे!' म्हणणारा माणूस चौथ्या दिवशी 'पण त्या पोरीचं काय?' म्हणायला लागतो.

आपल्याकडे 'रामायण' १९८७ साली रविवारीच लागत असे, आणि रावणाने सीता नेल्यावर अख्खा आठवडा लोक कासावीस असत. सगळे भाग एका रात्री दाखवले असते तर पहाटेपर्यंत रावणाच्या रथाचे कौतुक करणारे निघाले असते. १९७८ च्या जुलैत वसंतदादा पाटलांचे सरकार पडले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हा 'खंजीर' हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात असा रुतला, की तो अजून कुणी काढलेला नाही. कुणाचे बरोबर आणि कुणाचे चूक यावर माणसे वर्षानुवर्षे भांडली. पण भांडली! चहाच्या गाड्यावर, एस.टी.त, न्हाव्याच्या दुकानात. मधला आठवडा हा असा भांडण्यासाठी असतो. त्या आठवड्यात प्रेक्षकाचा पुन्हा नागरिक होतो.

आणि म्हणून मला त्या मालिकेपेक्षा तिच्या पाहण्याच्या पद्धतीची धास्ती वाटते. कारण आता आपण खरे राजकारणही तसेच पारायण करून पाहतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सकाळी उठून पाहतो तो शपथविधी झालेला, आणि चौथ्या दिवशी राजीनामा. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला, तिथून गुवाहाटीला, आणि दहा दिवसांत मुख्यमंत्री बदललेले. नवे मुख्यमंत्री तर आमच्या सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे. जुलै २०२३ मध्ये आणखी एक पक्ष दुभंगला. यांत कोण योग्य आणि कोण अयोग्य हा ज्याच्या त्याच्या मताचा भाग आहे आणि ते मत देण्याची जागा वेगळी आहे. मी सांगतो आहे ते आपल्याविषयी. त्या दिवसांत घराघरांतून लोक टी.व्ही.पुढे बसून होते, आणि सगळ्या पक्षांच्या लोकांच्या तोंडी शब्द एकच होता: 'कसा डाव टाकला!' जो जिंकेल तो चाणक्य. कुठल्या धोरणासाठी, कुणाच्या भल्यासाठी, असे विचारणारा माणूस भाबडा ठरत होता. म्हणजे कुणी कानात न सांगताही आपण अंडरवूडचे भागीदार झालेलो होतो. पुढाऱ्याने कारस्थान करणे ही जुनी गोष्ट आहे. मतदाराने त्याला टाळी देणे ही नवी आहे.

पण या दोन जिल्ह्यांची अब्रू राखणारी एक गोष्ट आहे. आमचा मतदार टाळ्या वाजवतो, पण हिशेबाची वही बंद करीत नाही. २०१९ च्या मे महिन्यात साताऱ्याने उदयनराजे भोसल्यांना राष्ट्रवादीतर्फे लोकसभेत धाडले. त्यांनी काही महिन्यांत राजीनामा दिला, पक्ष बदलला आणि पोटनिवडणूक लागली. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात भाषणाला उभे राहिले, आणि उमेदवार निवडताना आपली चूक झाली असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले. हे सांगणे कानात नव्हते. भिजलेल्या हजारो माणसांसमोर होते. निकालात राजे हरले आणि श्रीनिवास पाटील ऐंशी हजारांवर मतांनी आले. आता यावरून कुणी कथेचे तात्पर्य काढून ठेवील, तर २०२४ साली त्याच साताऱ्याने त्याच उदयनराजांना परत निवडून दिले. आणि त्याच निवडणुकीत सांगलीत, वसंतदादांच्या नातवाला, विशाल पाटलांना, आघाडीच्या जागावाटपात उमेदवारी मिळाली नाही, तेव्हा ते अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून आले. पटकथा मुंबईत आणि दिल्लीत लिहून तयार होती; लोकांनी शेवट बदलला.

अंडरवूडच्या त्र्याहत्तर भागांत असे एकदाही होत नाही. तिथे लोक म्हणजे आकडे, आणि आकडे फिरवता येतात. त्या मालिकेला शेवटी धक्का बसला तो बाहेरून. २०१७ साली, दोन हंगामांच्या मधल्या काळात, स्पेसीवर गैरवर्तनाचे आरोप झाले आणि नेटफ्लिक्सने त्याच्याशी संबंध तोडले. पुढे २०२३ साली लंडनच्या न्यायालयात तो निर्दोष ठरला, पण अंडरवूड तोवर मेलेला दाखवून झाला होता आणि २०१८ साली उरलेले आठ भाग बाईंनी एकटीने ओढून नेले. म्हणजे जे काही खरे घडले ते मधल्या वेळातच घडले. बंगला पत्त्यांचा असो की विटांचा, हवा आत यायला दोन मजल्यांच्या मध्ये फट लागतेच.

तेव्हा ही मालिका पाहावी का? जरूर पाहावी. विलायती आधी पाहावी; तिच्यात इयन रिचर्डसन नावाचा नट आहे, तो काहीच न बोलता सगळे कबूल करतो, आणि ती कला आमच्या कुठल्याही जिल्हाध्यक्षाने शिकून घेण्यासारखी आहे. नंतर अमेरिकन पाहावी. फक्त पारायण करू नये. आठवड्याला एक भाग पाहावा, टी.व्ही. बंद करावा, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर जाऊन 'त्या पोरीच्या आईबापाला कुणी कळवलं का?' असे मोठ्याने विचारावे. या हिशेबाने त्र्याहत्तर भागांना त्र्याहत्तर आठवडे लागतील. फार वाटत असतील, तर एक लक्षात घ्या: आपण ज्यांना निवडून देतो त्यांची मुदत दोनशे साठ आठवड्यांची असते, आणि त्यात 'पुढचा भाग' म्हणून सेकंद मोजायला लागले, तरी बटण आपल्याच हातात असते.